चौकोनातून लहानमोठे त्रिकोण, पट्टी न लावता

मखराला घोटीव कागदाचे लहानमोठे त्रिकोण हवे होते, सगळे एकाच आकाराचे, म्हणजे काटकोनवाले आणि दोन बाजू सारख्या. पट्टी-पेन्सिल घेऊन आखत बसले तर दोन कागद वाया आणि एकही त्रिकोण दुसऱ्याशी जुळेना. मग नुसत्या घडीवर झालं.

१. चौकोनी कागद घ्या (चारही बाजू सारख्या, माझा १६ सेंमीचा होता). समोरासमोरचे कोपरे जुळवून तिरपी घडी, नखाने दाबून कापा. दोन मोठे त्रिकोण. एक बाजूला ठेवा.

२. दुसऱ्याची दोन निमुळती टोकं एकमेकांवर ठेवून घडी घाला, कापा. यातला पण एक ठेवा, दुसरा परत तसाच दुमडा.

३. चारदा कापलं की संपलं. सारख्या बाजू १६, ११.३, ८ आणि ५.७ सेंमी येतात, कागदाचा कपटा सुद्धा उरत नाही.

फक्त शेवटचे दोन त्रिकोण नेहमी सारखेच निघतात, त्याला या पद्धतीत इलाज नाही, मी ते लांब बाजूला जोडून मधोमध छोटा चौकोन केला आणि तो जास्त छान दिसला!

गोधडीला पण हेच चालतं पण कापड तिरपं कापलं की ती कड उरेब (धाग्यांना तिरपी) होते आणि शिवताना ताणली जाते, म्हणून कापायच्या आधी खळ लावून इस्त्री करा, आणि शिवणीत जाणारं कापड धरून चौकोन थोडा मोठाच घ्या.