खाऱ्या पाण्याने खराब झालेला रेडिएटर घरी कसा धुवावा

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी पिकालाही सोसत नाही. तरी वाटेत गाडी तापली की तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाते. त्यातले क्षार नळ्यांच्या आत पांढरा थर धरतात, त्यात गंज मिसळतो आणि वैशाखात पारा 45 च्या वर गेला की तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो.

धुण्याआधी आत काय आहे ते बघा. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी रेडिएटरचे झाकण उघडा. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, उसळून तोंडावर येते आणि भाजते. झाकणाच्या आतून बोट फिरवा. तांबूस गाळ लागला तर गंज, पांढरी खर लागली तर क्षार. जेलीसारखे काही असेल तर बहुधा न जुळणारी दोन कूलंट (इंजिन गार ठेवणारी द्रवे) एकत्र झाली आहेत. दुधाच्या चहासारखा तेलकट थर दिसला, तर मात्र थांबा. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील) किंवा ऑइल कूलरमधून तेल येत असणार. ते दुरुस्त झाल्याशिवाय धुणे वाया जाते. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधी झाले असेल, तर गाडी सुरू न करता ओढूनच गॅरेजला न्या.

बाकी गाळ घरी निघतो. खाली घमेले ठेवून ड्रेन प्लग सोडा. प्लग नसेल तर खालच्या होज पाइपचा क्लॅम्प ढिला करा. निघालेले कूलंट नालीत किंवा अंगणात सांडू नका. ते गोडसर असते, जनावरे चाटतात आणि ते विषारी आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

आता नळाचे गोडे पाणी आणि रेडिएटर फ्लशचे औषध भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिन चालवा. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला. तिथून पुढे डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. बाथरूमचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा अजिबात नको. आजकालचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना भोके पडतात. इंजिन पूर्ण गार झाल्यावर पाणी काढा. निघणारे पाणी नितळ दिसेपर्यंत साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. गाळ घट्ट असेल तर दोन्ही होज काढून रेडिएटरच्या खालच्या तोंडातून हलक्या धारेने पाणी सोडा. उलट्या वाटेने तो लवकर सुटतो.

तेवढ्यात रेडिएटरची जाळीही बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्यात तंतू आणि धूळ गच्च बसते. इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला पाणी मारा; समोरून मारले तर कचरा आणखी आत जातो.

शेवटचे खंगाळणे डिस्टिल्ड वॉटरने करा. बॅटरीच्या दुकानात ते मिळते. कितीही रिकामे केले तरी थोडे पाणी इंजिनात उरतेच. म्हणून तयार मिश्रण घेऊ नका, कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट घ्या. गाडीच्या पुस्तिकेत कूलंटची जात आणि एकूण क्षमता दिलेली असते. क्षमतेच्या निम्मे कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा, म्हणजे प्रमाण 50:50 राहते.

झाकण उघडे ठेवून, हीटर गरमवरच ठेवून इंजिन सुरू करा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल. तशी भर घालत राहा. पंख्यापासून हात दूर ठेवा, तो अचानक फिरतो. बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीच्या कूलंटच्या टाकीतली पातळी बघून मिन आणि मॅक्सच्या मध्ये आणा. नंतरही रोज घटत असेल तर होज, वॉटर पंप आणि हेड गॅस्केट मिस्त्रीकडून तपासून घ्या.