मुंबई विमानतळावर फोन किंवा लॅपटॉप जप्त झाल्यास

सहार येथील विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने आपला फोन किंवा लॅपटॉप ताब्यात घेतला, तर तो कोणत्या कलमाखाली घेतला, हे प्रथम शांतपणे विचारावे. सगळे पुढे त्यावरच ठरते. सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 110 नुसार माल कायमचा सरकारजमा करण्यायोग्य आहे असे मानण्यास कारण असेल तरच तो जप्त करता येतो. आणि अशा जप्तीनंतर 6 महिन्यांत कारणे दाखवा नोटीस न दिल्यास, तसेच आयुक्तांनी लेखी कारणे नोंदवून आणखी कमाल 6 महिन्यांची मुदतवाढ न दिल्यास, वस्तू परत करावी लागते. मात्र त्याच कलमाच्या पोटकलम 3 खाली पुरावा म्हणून घेतलेल्या वस्तूला ही मुदत आपोआप लागू होईल असे गृहीत धरू नये. माझ्या मते प्रवाशांची खरी फसगत येथेच होते. जप्त कागदपत्रांच्या प्रती अधिकाऱ्यासमक्ष घेण्याचा हक्क आपल्याला आहे.

अंगझडती होणार असेल, तर कलम 102 नुसार राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याची मागणी करावी. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नोंदवला आहे का, हे सही करण्यापूर्वी अवश्य पाहावे.