ऊसतोडीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवताय? उपक्रमाचं मोजमाप करताना या चुका टाळा

दिवाळी झाली की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग, अथणी या पट्ट्यात ऊसतोड टोळ्या उतरतात. कुणी बीडकडून येतं, कुणी जतमधून, कुणी विजयपूर-बागलकोटच्या तांड्यांवरून. गाडीतळावर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागी, कोप्या (पाचटाच्या झोपड्या) उभ्या राहतात आणि त्या कोप्यांमागोमाग मुलंही दिसायला लागतात. आपल्या सीमाभागात वाचणाऱ्या माणसांची कमी नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा खेड्यांतून साहित्य संमेलनं भरवणारा हा भाग आहे. त्यामुळे एखादं तरुण मंडळ, एखादं वाचनालय, दोन-तीन निवृत्त शिक्षिका पुस्तकं घेऊन गाडीतळावर जाऊन बसतात, यात नवल नाही. काम मोलाचं आहे. अडचण येते ती पट्टा पडायच्या सुमारास, म्हणजे तोडणीचा हंगाम संपताना, देणगीदार किंवा मंडळाची कार्यकारिणी विचारते तेव्हा: याचा मुलांना उपयोग झाला का?

ही मुलं कायद्याच्या भाषेत निर्वासित नाहीत. तसं म्हणायचं तर आपल्याला जवळची वसाहत मुंडगोडची, १९६६ पासूनची तिबेटी वस्ती. पण घर सुटलेलं, शाळा मध्येच तुटलेली, भोवतालची भाषा बदललेली आणि पुढच्या महिन्यात कुठे असू याचा भरवसा नाही, ही अवस्था दोन्हीकडे सारखीच. जॉर्डनमध्ये रना दजानी या जीवशास्त्रज्ञ प्राध्यापिकेने २००६ मध्ये अम्मानमधल्या आपल्या मोहल्ल्यात मुलांना वाचून दाखवायला सुरुवात केली. पुढे ‘वुई लव्ह रीडिंग’ या नावाने ती पद्धत सीरियातून आलेल्या निर्वासित मुलांपर्यंत गेली. वस्तीतल्याच माणसाला तयार करायचं, मुलांच्याच भाषेत वाचायचं, एवढीच तिची मांडणी. मोजणाऱ्याला तिथे जे प्रश्न पडतात, तेच चिकोडीच्या गाडीतळावरही पडतात.

ऐकवली गोष्ट, तपासलं वाचन

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

मुलांची चाचणी म्हटलं की हाताशी पहिलं साधन येतं ते ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीचं. २००५ पासून देशभर वापरलं जाणारं हे साधन चांगलंच आहे. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, यांतलं मूल कुठवर पोचतं ते पाच मिनिटांत कळतं. पण ते मुलाचं स्वतःचं वाचन तपासतं. तुम्ही तर चार महिने मुलाला वाचून दाखवलंत. अक्षरं गिरवून घेतली नाहीत, जोडाक्षरं शिकवली नाहीत. मग मार्चमध्ये मूल अजून ‘शब्द’ पातळीवरच दिसलं तर त्यात आश्चर्य काय? तरी अहवालात ‘अपेक्षित प्रगती नाही’ असं वाक्य जातं आणि पुढच्या हंगामात उपक्रम बंद पडतो.

नुसतं ऐकून जे बदलू शकतं, ते तपासा. मूल गोष्ट शेवटपर्यंत ऐकतं का? ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगतं का? पुस्तक सुलटं धरतं का, मजकूर कुठून सुरू होतो ते बोटाने दाखवतं का? बोलण्यात नवे शब्द येतात का? ‘असं का झालं?’ याला स्वतःच्या मनाने उत्तर देतं का?

यासाठी महागडं साधन लागत नाही. मुलांनी आधी न ऐकलेली, दीडेकशे शब्दांची एक गोष्ट घ्या. एकदा वाचून दाखवा आणि मुलाला म्हणा, “आता तू मला सांग.” कागदावर आधीच लिहून ठेवा: पात्रं किती सांगितली, ठळक घटना किती, क्रम बरोबर का, शेवट आला का. वर पाच प्रश्न, त्यात एक तरी ‘का’चा. झाली चाचणी.

इथे दोन खड्डे आहेत. तुम्ही हंगामभर वाचलेलीच गोष्ट चाचणीत घेतली तर मुलाचं पाठांतर मोजलं जाईल. आणि सुरुवातीला अवघड गोष्ट, शेवटी सोपी, असं झालं तर नसलेली प्रगती दिसेल. म्हणून सारख्या वजनाच्या दोन गोष्टी ठेवा. निम्म्या मुलांना सुरुवातीला पहिली आणि शेवटी दुसरी, उरलेल्यांना उलट.

मुलाची भाषा सोडून चाचणीची भाषा

बेळगाव जिल्ह्यातल्या एका गाडीतळावर बीडची मराठी, विजयपूरकडची कन्नड आणि तांड्यावरची गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली) एकाच हातपंपावर ऐकू येतात. पुस्तकं मात्र पुस्तकी मराठीत आणि चाचणीही तशीच. चित्रातल्या आईला ‘याडी’ म्हणणाऱ्या पोराला शून्य गुण दिले, तर त्यातून त्या पोराबद्दल काहीच कळलं नाही.

मूल ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐकून घ्या. गुण आशयाला द्या. टोळीतलीच एखादी मोठी मुलगी किंवा बाई शेजारी बसवा, पण तिने उत्तर सुचवायचं नाही, फक्त मूल काय म्हणालं ते सांगायचं. हे तिला आधी नीट समजावून द्या, कारण मदत करावीशी वाटणं स्वाभाविक आहे. कोणत्या मुलाने कोणत्या भाषेत उत्तर दिलं त्याचा रकाना ठेवा. हंगामाच्या शेवटी तो रकाना पाहिला की, गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना आपल्या वाचनातून कमी मिळतंय का, हा प्रश्न समोर येईल. माझ्या मते अशा अहवालातला हाच सर्वांत कामाचा प्रश्न आहे.

चित्रं निवडतानाही तोच विचार. फ्रीज, समुद्र, लिफ्ट दाखवून शब्दसंग्रह कसला तपासायचा? कोयता, मोळी, वाढे, पाचट, ट्रॅक्टरची ट्रॉली हे शब्द पाच वर्षांच्या पोरालाही येतात. तिथून सुरुवात करा, मग गोष्टीतून येणाऱ्या नव्या शब्दांकडे जा.

पहिल्याच दिवशी चाचणी

टोळी उतरली, दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते कागद घेऊन हजर. मूल अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाही. फेब्रुवारीत तेच मूल भडाभडा बोलतं, कारण एव्हाना ताई ओळखीची झालेली असते. आकडे दुपटीने वाढतात आणि आपण खूश होतो. त्यातली किती वाढ गोष्टींमुळे आणि किती भीड चेपल्यामुळे, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

आधी एक-दोन संध्याकाळी नुसतं खेळा, गाणी म्हणा, नावं विचारा. मग चाचणी घ्या. शक्य असेल तर जी वाचून दाखवते तिने चाचणी घेऊ नये. आपल्याच मुलांना गुण देताना हात सैल सुटतो, कितीही प्रामाणिक माणूस असला तरी. शेजारच्या गाडीतळावरच्या कार्यकर्त्यांशी अदलाबदल करा. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा चाचणी घेणारा मुलांना साधारण तितकाच परका किंवा तितकाच ओळखीचा हवा.

तुलना कुणाशी?

चार महिन्यांत मूल वाढतंच. काही मुलं जवळच्या शाळेत जायला लागतात, काही अंगणवाडीत. त्यामुळे ‘आधी इतकं, नंतर इतकं’ एवढ्यावर श्रेय घेता येत नाही. ज्यांना वाचून दाखवलं नाही त्यांचं काय झालं, हेही पाहावं लागतं.

पण म्हणून काही मुलांना मुद्दाम वंचित ठेवायचं का? नाही. तुमच्याकडे सगळ्या गाडीतळांवर एकदम जाण्याइतकी माणसं तशीही नसतात. आठ टोळ्या असतील तर टोळ्या आणणाऱ्या मुकादमांसमोर चिठ्ठ्या टाका. चार टोळ्यांत नोव्हेंबरअखेर सुरुवात, उरलेल्या चारांत जानेवारीच्या शेवटी. पहिली चाचणी आठही टोळ्यांत एकाच आठवड्यात, दुसरी जानेवारीच्या शेवटी, म्हणजे उशिराच्या टोळ्यांत वाचन सुरू होण्याआधी. कुणी सुटलं नाही आणि तुलनाही झाली. चिठ्ठी खरोखर चिठ्ठीच असू द्या. रस्त्याच्या कडेच्या, जायला सोप्या टोळ्या पहिल्या यादीत घातल्या तर दोन गट मुळातच वेगळे होतात.

एका टोळीतली वीस मुलं म्हणजे वीस सुटे पुरावे नव्हेत. गाव एक, फड एक, वाचणारी ताई एक. ताई चांगली असेल तर वीसही जणांना फायदा दिसेल. त्यामुळे निष्कर्ष टोळीवार मांडा. आणि १४ मुलांपैकी ८ जणांत सुधारणा दिसली तर ‘१४ पैकी ८’ असंच लिहा. ५७ टक्के लिहिलं की वाचणाऱ्याला उगाच मोठ्या पाहणीचा भास होतो. शाळेत नाव घातलेली आणि न घातलेली मुलंही वेगळी दाखवा, माध्यम कन्नड की मराठी तेही.

हजेरीपटावरची मुलं आणि कडेला उभी असलेली मुलं

चिकोडी तालुक्यातल्या एका गाडीतळावर गोलात बसलेल्या मुलांची नावं वहीत होती. कोपीच्या पाचटाला टेकून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. तिचं नाव वहीत नव्हतं, कारण ती ‘बसत’ नव्हती. वाचणारी पान उलटायला थांबली आणि ती तिथूनच म्हणाली, “ताई, आता कोल्हा माघारी येतोय बघा.” गोष्ट तिने आधीच्या आठवड्यातही ऐकली होती, तशीच उभ्याने.

हजेरीत अशा मुली गळतात आणि मग अहवालात मुलगे जास्त दिसतात. धाकट्याला सांभाळणं, पाणी भरणं, भाकरीचं पीठ मळणं यांतून त्यांना बसायला मोकळीक नसते. म्हणून दोन याद्या करा: गाडीतळावर राहणारी एकूण मुलं आणि प्रत्यक्ष ऐकणारी मुलं. ऐकणाऱ्यांत बसलेली आणि उभी, दोन्ही. पहिल्या यादीतली कोण कधीच येत नाहीत ते दर पंधरवड्याला पाहा. बहुतेक वेळा कारण वेळेचं निघतं. टोळी पहाटे फडात जाते, जरा मोठी मुलं मोळ्या बांधायला आणि वाढे गोळा करायला सोबत जातात. तुमचं वाचन सकाळी अकराचं असेल तर ती मुलं तुम्हाला कशी भेटणार?

नावांचा घोळ वेगळाच. घरी बाळू, शाळेत बालाजी, मुकादमाच्या तोंडी तिसरंच. मुलाचं नाव, आईचं नाव, मूळ गाव आणि मुकादम या चार गोष्टी मिळून एक नोंद करा, म्हणजे एकच मूल दोनदा मोजलं जाणार नाही.

“आवडलं का?”

“होऽऽ!” हे उत्तर गाडीतळावर, शाळेत, कुठेही मिळतं. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं दिली तरी लहान मुलं हसऱ्यावरच बोट ठेवतात. विचारण्यापेक्षा पाहा: कोणतं पुस्तक पुन्हा मागितलं, कोण वेळेआधी येऊन बसलं, कुणी आपल्या धाकट्या भावंडाला चित्रं दाखवत गोष्ट सांगितली.

वाचन कसं झालं, हे कुणी पाहिलंच नाही

‘४० सत्रं झाली’ एवढ्याने काही कळत नाही. एक ताई पुस्तक स्वतःकडे धरून सरळ वाचत सुटते, दुसरी दर पानावर थांबून “आता काय होईल?” विचारते. हे दोन वेगळे उपक्रम आहेत. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं की लहान मुलांशी बोलत, त्यांना बोलतं करत पुस्तक वाचलं तर त्यांच्या भाषेला अधिक फायदा होतो. तेव्हा महिन्यातून एकदा प्रत्येक सत्राला कुणीतरी मागे बसावं आणि मुलं किती वेळा बोलली, चित्र सगळ्यांना दिसत होतं का, एवढंच टिपावं. निकाल कमी आला तर आधी ही टिपणं काढा, मग मुलांकडे बोट दाखवा.

यादी आणि फोटो

मुलांची नावं-वयं लिहिणारा अनोळखी माणूस पाहिला की आईबाप आणि मुकादम बिचकतात. बालमजुरीची तक्रार होईल, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) अडकेल, अशी भीती असते. यादी कशासाठी, कोण पाहणार, हे आधी सांगा आणि नको म्हणणाऱ्यांचा मान ठेवा. त्यांच्या मुलाला गोष्ट मात्र ऐकू द्या. उचल, कर्ज, मारहाण यांविषयी मुलांना खोदून विचारणं हा या पाहणीचा भागच नाही. मूल आपणहून काही गंभीर बोललं तर कुणाला कळवायचं ते सुरुवातीलाच ठरवून ठेवा, चाइल्डलाइनचा १०९८ क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याकडे असू द्या. कोपीपुढच्या उघड्या पोरांचे फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापू नका.

शेवटच्या चाचणीला निम्मी मुलंच उरली तर

हे होणारच. ऊस लवकर संपतो, टोळी दुसऱ्या गटावर हलते, घरी लग्न निघतं. उरलेल्या मुलांचेच गुण काढून सरासरी छापणं ही इथली चूक. राहिलेली मुलं बहुधा स्थिर टोळ्यांतली असतात, त्यांचं चित्र सगळ्यांचं म्हणून दाखवता येत नाही.

उपाय आधीच करायचा असतो. जानेवारीअखेरची चाचणी चुकवू नका, म्हणजे फेब्रुवारीत पट्टा पडला तरी हातात काहीतरी असेल. गेलेल्या आणि राहिलेल्या मुलांचे सुरुवातीचे गुण शेजारी शेजारी ठेवून पाहा. फार फरक असेल तर निष्कर्षाला तेवढी मर्यादा घाला आणि ‘सुरुवातीला इतकी, शेवटी इतकी’ हे पहिल्याच पानावर लिहा. टोळी कुठे गेली ते मुकादमाला फोन करून विचारा. बऱ्याचदा ती शेजारच्या कारखान्याच्या हद्दीत असते आणि एका दुपारी जाऊन चाचणी घेता येते.

आणि प्रत्येक मुलाच्या कागदाची एक प्रत टोळी निघण्याआधी आईच्या हातात द्या. त्यावर मुलाने कोणत्या गोष्टी ऐकल्या, काय सांगता आलं, कोणत्या भाषेत सांगितलं, हे दोन-चार ओळींत असावं. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आहे. ते असेल तर त्याच्यासोबतच ठेवायला सांगा, म्हणजे गावाकडच्या गुरुजींना मुलाला पुन्हा वर्गात घेताना सुरुवात कुठून करायची ते कळेल.