कुडलला जाताय? मग अख्खा दिवस काढूनच जावा

सोलापुरातले बरेच जण कुडलला जाऊन आलेत पण बघून आलेले थोडेच, कारण आपण जातो ते संक्रांतीला संगमावर अंघोळीला नाहीतर महाशिवरात्रीला दर्शनाला, त्या गर्दीत एक फेरी, दोन फोटो आणि परत. मी पण आधी तसाच जायचो. खरं सांगतो, हत्तरसंग कुडल हे साध्या वारी, सकाळी लवकर निघून, निवांत बघायचं गाव आहे, म्हणून कसं जायचं आणि तिथं नेमकं काय बघायचं ते सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो, मॅपवर नुसतं कुडल टाकू नका. एक कुडाळ सिंधुदुर्गात आहे आणि एक कूडलसंगम बागलकोट जिल्ह्यात, बसवेश्वरांचं, तिथं कृष्णा आणि मलप्रभा मिळतात. आपलं कुडल म्हणजे हत्तरसंग कुडल, दक्षिण सोलापूर तालुका, भीमा आणि सीनेचा संगम. कन्नडमध्ये कूडल म्हणजे दोन गोष्टी जिथं एकत्र येतात ती जागा, म्हणजे गावाचं नावच संगम आहे बघा.

सोलापूरहून साधारण चाळीस किलोमीटर. विजयपूर रोडनं निघायचं, वडकबाळला सीनेचा पूल लागतो, तो ओलांडला की आपण दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शिरतो, उत्तरेला सीना आणि दक्षिणेला भीमा, आणि हा पट्टा निमुळता होत होत जिथं संपतो तिथंच संगम. मंद्रूपला चहा मारा, पेट्रोल बघून घ्या, पाण्याच्या बाटल्या भरा, पुढं आत वळल्यावर सगळं मिळेलच असं नाही. एसटीनं जायचं तर आदल्या दिवशी स्टँडवर परतीच्या गाडीची वेळ विचारून ठेवा, पण स्वतःची गाडी असेल तर उत्तमच, वाटेत थांबता येतं.

जायचे महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात आपल्याकडं चाळीसच्या वर पारा, दगड तापतात, देवळात अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाळ्यात काळी माती. मी एकदा ऑगस्टमध्ये शॉर्टकट म्हणून शेताच्या वाटेनं बाइक घातली आणि मडगार्डमध्ये चिखल असा गच्च बसला की चाक फिरेना, काडीनं उकरत अर्धा तास गेला. डांबरी सोडू नका. आणि 2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या महापुरानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंच आहे, त्यामुळं पूर असेल तर जायचा विचारच नको.

आता मुख्य गोष्ट. संगमेश्वराच्या देवळात गेल्यावर लगेच गाभाऱ्याकडं धावू नका, मंडपात थांबा आणि मान वर करून तुळईकडं बघा. तिथं मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या शिलालेखांपैकी एक आहे, शके 940, म्हणजे इ.स. 1018. ओळ अशी आहे, वाछि तो विजेयां होऐवा, म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर लिहून ठेवलं की बाबा वाच, तुझं भलं होईल, आणि ते आपल्याला आज कळतं, हे मला दरवेळी नवीनच वाटतं. त्या काळात इथं कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य, जयसिंह दुसरा गादीवर, कारभाराची भाषा मुख्यतः कन्नड, आणि त्यातच ही मराठी ओळ. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी आयुष्यभर गावोगाव फिरून शिलालेख शोधले, वाचले, हा लेख उजेडात आणला तोही त्यांनीच. विद्यापीठात नोकरी नसलेला माणूस, आपल्या गावचा, त्यांची आठवण तिथं उभं राहून काढलीच पाहिजे.

पण लेख दिसणार कसा? पहिल्यांदा गेलो तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं, नुसता करडा दगड. चूक अशी झाली की मी मोबाईलचा टॉर्च सरळ समोरून मारत होतो, समोरून उजेड पडला की खाचा बुजून जातात. बरोबर कुणीतरी न्या, एकानं टॉर्च बाजूनं दगडाला जवळजवळ चिकटवून तिरका धरायचा आणि दुसऱ्यानं बघायचं. उजेड आडवा गेला की प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि अक्षर एकदम वर आल्यासारखं होतं. टॉर्च हळूहळू पुढं सरकवत नेला की आधी डोक्यावरची रेघ, मग व चं पोट, असं एकेक उमटत जातं. फोटो पण असाच काढायचा, फ्लॅश बंद. आणि हात जोडून सांगतो, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, कुंकू काही लावू नका, पाणी पण मारू नका. हजार वर्षं टिकलेली अक्षरं आपल्या एका फोटोसाठी झिजायला नकोत.

जवळच हरिहरेश्वराचं देऊळ. हे मातीखाली गाडलेलं होतं, उत्खननात बाहेर आलं, आणि तिथलं बहुमुखी शिवलिंग म्हणजे 359 मुखं कोरलेलं एकच मोठं लिंग. लोक मुखं मोजायला लागतात आणि मग कंटाळून निघतात. त्यापेक्षा एकच ओळ धरा, खाली बसा, आणि एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर हळू जावा, सगळे एका साच्यातले वाटतात पण डोळा सरावला की फरक दिसायला लागतात. दहा मिनिटं द्या फक्त. हात लावू नका, घामाचं तेल दगडावर बसतं.

गावात शिरताना मारुतीचं देऊळ, पार, जुनी वेस अशा ठिकाणी नजर ठेवायची सवय लावा, आपल्या सगळ्याच सीमाभागात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, असे उघड्यावर उभे असतात. वाचायचे खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वरती तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि टोकाला चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. कोपरात वाकवलेला बांगड्यांचा हात दिसला तर ती सतीशिळा. कुठं शेंदूर लावलेला असला तर ते लोकांचं दैवत आहे, चपला काढून, विचारून मगच फोटो.

भाषेचं टेन्शन घेऊ नका, इकडं माणूस अर्धं वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडमध्ये संपवतो. कुणी ‘बर्री, कुंदर्री’ म्हणालं तर या, बसा. ‘ऊटा आतेन्री’ म्हणजे जेवण झालं का. आपण नुसतं ‘हं री’ म्हटलं तरी समोरचा खुलतो, मग कुठल्या वाटेला खाली घसरण आहे, कुठं जुना दगड पडलाय हे सगळं तोच सांगतो. वेळ अमावास्येच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतात जेवायच्या सणाच्या, दिवसांत गेलात आणि कुणी शेतात बोलावलं तर नाही म्हणू नका, भज्जी (तळलेली भजी नव्हे, मिश्र भाजी) आणि आंबील त्या दिवशी शेतात बसूनच खायची असते. एरवी घरून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा बांधून न्या.

संगमावर दुपार टळल्यावर जावा. घाटावर बसलं की भीमेपलीकडं कर्नाटक, इकडं महाराष्ट्र, आणि टिटव्या दोन्हीकडं सारख्याच ओरडतात. खंड्या, पाणकावळे, बगळे आरामात दिसतात, दुर्बीण असेल तर न्याच. हेच पाणी वर पंढरपूरला चंद्रभागा म्हणून विठोबापुढून आलेलं असतं. पण पाण्यात उतरू नका, हे मी फार कळकळीनं सांगतोय. वाळू उपशानं या पात्रांमध्ये कुठंही खोल खड्डे झालेत, वरून कळत नाहीत, शिवाय उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात तेव्हा आभाळात ढग नसतानाही पाणी वाढतं. पाय भिजवायचे तर पायरीवर बसून, लहान मुलांचा हात धरून.

निघताना कचरा पिशवीत घालून परत आणा. आणि सूर्य बुडायच्या आत हायवेला लागा, कारण गाळपाचा सीझन असेल तर उसाच्या दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागं लाइट नसतो, आणि अंधारात ती ट्रॉली अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.