डीबगरमधला ‘म’ दुरुस्त करायला बसण्याआधी

जीडीबी या डीबगरमध्ये (चालू प्रोग्रामच्या आत डोकावून चुका शोधायचं साधन) व्हेरिएबल छापायला जावं आणि ‘म’ऐवजी त्याचे तीन बाइट्स अष्टमान आकड्यांत, \३४०\२४४\२५६ असे, समोर यावेत, की हात शिवशिवतात आणि आपण थेट डीबगरचा कोड उघडतो. जरा थांबा. पडद्यावर यायच्या आधी अक्षर तीन हातांतून जातं: कंपायलर त्याचा टाइप नोंदवतो, डीबगर त्या नोंदीवरून बाइट्सचं अक्षर करतो, टर्मिनल ते दाखवतं. खोटं कोण बोलतंय हे आधी शोधायचं.

सुरुवात टर्मिनलपासून, कारण ते दोन मिनिटांचं काम. लोकेल (भाषा आणि अक्षरांच्या एन्कोडिंगची सिस्टीममधली सेटिंग) यूटीएफ-८ आहे ना? जीडीबीतलं ‘शो चारसेट’ (कोणता अक्षरसंच धरलाय ते दाखवणारी आज्ञा) काय म्हणतं? ‘प्रिंट सेव्हनबिट-स्ट्रिंग्ज’ (इंग्रजीबाहेरची अक्षरं आकड्यांत छापणारी सेटिंग) कुणी ऑन करून ठेवलेलं नाही ना? मी एकदा कंटेनरमध्ये अर्धा दिवस घालवला होता. लोकेल ‘सी’ होतं, म्हणजे यूटीएफ-८ नव्हतंच; बग नव्हताच.

मग सी++मधला एक चिमुकला प्रोग्राम हाताशी ठेवा, त्यात ‘चार’चे (आकडा नव्हे, अक्षर ठेवायचा टाइप) सातही भाऊबंद हवेत: साधा, साइन्ड, अनसाइन्ड, वाइड, २०११ च्या मानकातले १६ आणि ३२ बिटवाले, आणि २०२० मधला ८ बिटवाला. साध्या ‘चार’मध्ये ‘म’चा पहिला बाइट ठेवलात तर इंटेलवर -३२ '\३४०' दिसेल, एआरएम लिनक्सवर २२४ '\३४०'. बाइट तोच, साइन वेगळी (इंटेलवर साधा ‘चार’ ऋण आकडेही धरतो, एआरएम लिनक्सवर नाही); ही चूक समजून दुरुस्तीचा पॅच लिहू नका. वाइड टाइप लिनक्सवर ४ बाइट्सचा, विंडोजवर २ चा, म्हणून अपेक्षित उत्तरं दोन्हींसाठी लिहा. १६ बिटवाल्यात एक इमोजी टाका. त्याचे दोन तुकडे होतात, आणि अर्धा तुकडा छापताना डीबगर काय करतो ते बघा.

आता कंपायलरची नोंद. ‘रीडएल्फ’ या साधनाने ड्वार्फ माहिती (कंपायलरने डीबगरसाठी प्रोग्राममध्ये ठेवलेली नोंद) काढून प्रत्येक टाइपचं एन्कोडिंग वाचा. यूटीएफसाठी वेगळं एन्कोडिंग ड्वार्फ ४ पासून, म्हणजे २०१० पासून आहे. रस्ट भाषेतला ‘चार’ ४ बाइट्सचा, पण जुने कंपायलर त्याला नुसता अनसाइन्ड कॅरेक्टर म्हणून नोंदवायचे. तेव्हा जुन्या आणि नव्या कंपायलरच्या बायनरी (तयार प्रोग्राम) जपून ठेवा. दोन्हींत २३५० 'म' दिसलं पाहिजे; २३५० हा ‘म’चा युनिकोडमधला क्रमांक, म्हणजे कोडपॉइंट.

‘मराठी’ ही स्ट्रिंगही घ्या. १५ बाइट्स, ५ कोडपॉइंट, डोळ्यांना ३ अक्षरं. डीबगरची स्ट्रिंग छापायची मुळातली २०० ची मर्यादा यातलं नेमकं काय मोजते, ते स्ट्रिंग लांबवून पाहा आणि कागदावर लिहून ठेवा.

‘यूइंट८_टी’मधलं (८ बिटांचा पूर्णांक टाइप) तापमान ६५ 'A' असं दिसतं ही जुनी तक्रार या पॅचमध्ये ओढू नका, त्याला ‘प्रिंट/डी’ (नुसता आकडा छापणारी आज्ञा) आहे.

शेवटी, काहीही बदलण्याआधी चारसेटच्या जुन्या टेस्ट चालवून निकाल बाजूला ठेवा. नव्या टेस्टमध्ये लोकेल स्वतः ठरवून द्या, नाहीतर तुमच्या लॅपटॉपवर पास आणि बिल्ड सर्व्हरवर फेल.