टॅबलेटवरील गणिताचा खेळ निवडताना
लहान मुलांसाठी टॅबलेटवरील गणिताचा खेळ निवडताना चित्रे किती आकर्षक आहेत यापेक्षा मुलाच्या हातांना काय काम मिळते, हे आधी पाहावे. काही खेळसंचांत टॅबलेट स्टँडवर उभा करून त्याच्या पुढच्या कॅमेऱ्यावर छोटा आरसा बसवतात. त्यामुळे टेबलावर मांडलेल्या अंकांच्या चकत्या कॅमेऱ्याला दिसतात आणि पडद्यावर ८ मागितले, तर ५ आणि ३ ठेवायचे की ६ आणि २, हे मुलाला स्वतःच ठरवावे लागते. एकच संख्या अनेक प्रकारे तयार होते, ही समज नुसत्या बेरजा पाठ करून सहसा येत नाही. असा संच नसल्यास ठोकळे बोटाने सरकवून दहाचे गट करायला लावणारा खेळही चालेल. मात्र चार पर्यायांपैकी एकावर टिचकी मारायची असेल, तर मुले अंदाजपंचे उत्तर द्यायला फार लवकर शिकतात. चुकल्यावर खेळ नुसता कर्कश आवाज करतो, की किती कमी पडले ते दाखवतो, हे स्वतः मुद्दाम चुकून तपासावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर बसून घालवलेला वेळ दिवसाला १ तासापेक्षा जास्त नसावा.