पूर्व लंडनला आलात? आधी कॉकनीला कान द्या

ईस्ट हॅम, इलफर्ड, बार्किंगकडे राहायला आलेल्या आपल्या मंडळींचं रडगाणं ठरलेलं: "आयल्ट्समध्ये आठ बँड, पण प्लंबर काय बोलला ते ओ की ठो कळलं नाही."

प्लंबर चुकीचं इंग्रजी बोलत नाही. त्याची बोली कॉकनी, आणि तिचे नियम पक्के आहेत. सुरुवातीचा 'ह' उडतो: हाउसचं 'आउस'. मधला 'ट' घशातच अडतो, वॉटरचं 'वॉ-अ' होतं. मिल्कमधला 'ल' विरघळून 'मिउक'. आणि 'थ'चा 'फ'. "अबाउट फ्री" म्हणाला तर फुकट काम नव्हे, तीन वाजता येतोय. (उगवतो साडेचारला, त्यात बोलीचा दोष नाही.)

यमकी बोलीचं, म्हणजे शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी शब्दजोडी वापरण्याचं, कौतुक पर्यटकांना जास्त. जिन्याला (स्टेअर्स) 'ॲपल्स अँड पेअर्स' रोज कोणी म्हणत नाही. पण 'हॅव अ बुचर्स', म्हणजे 'जरा बघ', कानावर येईल. मूळ 'बुचर्स हुक', यमक 'लुक'शी. यमकाचा शब्दच गाळतात, म्हणून बाहेरच्याला पत्ता लागत नाही. शुक्रवारी कोणी "फॅन्सी अ रुबी?" विचारलं तर खुशाल जा. गायिका रुबी मरेच्या आडनावाचं यमक करीशी जुळतं.

परंपरेने कॉकनी म्हणजे सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील तिथे जन्मलेला. त्यासाठी बो चर्च स्टेशनवर उतरू नका, हे चर्च लंडनच्या 'सिटी' या मध्यवर्ती भागात, चीपसाइडला आहे. 1941च्या बॉम्बहल्ल्यात त्या घंटा गेल्या, नव्या वाजल्या 1961 साली. मधल्या वीस वर्षांत जन्मलेल्यांनी काय करायचं? घंटेपेक्षा घराणं बघा: गोदी, बाजार, हातगाडीवर पोट भरणारी माणसं. युद्धानंतर यातली कितीतरी कुटुंबं एसेक्सकडे सरकली, त्यामुळे ही बोली आता रॉमफर्डच्या बाजारात जास्त भेटते. तुमच्या मुलांच्या शाळेतली बोली वेगळी. तिच्यात कॅरिबियन आणि आशियाई रंग मिसळलेत.

"ही'ज गॉन डूलाली" (त्याचं डोकं फिरलंय) ऐकलंत तर ओळख द्या. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून डोकं फिरलेल्या गोऱ्या सैनिकांनी तो शब्द इकडे आणला.

"ऑल राइट?" विचारलं की "ऑल राइट" एवढंच म्हणा, गुडघेदुखी सांगत बसू नका. भाजीवाली 'लव्ह', 'डार्लिन' म्हणेल, त्यात काही नसतं. मात्र तिची नक्कल करू नका, आणि कोणाला आपणहून 'कॉकनी' म्हणू नका. हा शब्द पूर्वी हिणवायला वापरत. कळलं नाही तर सरळ म्हणा, "सॉरी मेट, से दॅट अगेन?" कोणी रागावत नाही.